हलवायाची उंच गुढी

एका गावात एक हलवाई राहत होता. हात गोड, पण जीभ भारी तिखट! एका पाडव्याला त्याच्या मनात आलं, गावात सगळ्यांत उंच गुढी आपलीच हवी. त्याने देवळाच्या कळसाला टेकेल एवढा वेळू आणला. बायकोचा लग्नातला शालू, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर तांब्या, असं सगळं बांधलं. मुक्कामाला आलेल्या चार मेहुण्यांनी ती गुढी कशीबशी उभी केली.

शेजारचा कुंभार आपली बारकीशी गुढी उभारत होता. हलवाई हसून म्हणाला, "ही गुढी आहे की शेवग्याची शेंग?"

कुंभार आपल्या गुढीची दोरी आवळत राहिला.

दुपारी श्रीखंडपुरी हाणून मेहुणे आपल्या गावी गेले. सूर्य कलला. घरोघरी गुढ्यांना हळदकुंकू वाहून त्या उतरवल्या जाऊ लागल्या. हलवायाने वेळूला हात घातला, तर तो एकट्याला आवरेना. त्यात वारा सुटला. गुढी डोलू लागली.

"उद्या उतरवू," तो म्हणाला.

"अहो, पाडव्याची गुढी दिवस मावळायच्या आत उतरवतात!" बायको रडवेली झाली. "माझ्या शालूच्या चिंध्या होतील. शेजारी हाक मारा ना."

"कोणत्या तोंडाने मारू?"

"आहे त्याच तोंडाने!"

हलवाई कुंपणापाशी गेला, परत फिरला, पुन्हा गेला. शेवटी ओरडला, "कुंभारदादा, मला एकट्याला जमत नाही हो! जरा हात लावता का?"

"आलोच!" आतून उत्तर आलं. "शेंग तेवढी कोपऱ्यात ठेवतो!"

कुंभार आला, येताना आळीतल्या चार गड्यांनाही घेऊन आला. कुणी दोर धरला, कुणी वेळू. बायकांनी खाली गोधडी धरली. सूर्य डोंगराला टेकता टेकता गुढी अलगद खाली आली. शालूचा एक धागाही निघाला नाही. हलवायाच्या बायकोला तर हसावं की रडावं तेच कळेना.

हलवायाने गाठीतला मोठा तुकडा तोडून कुंभाराला भरवला. "सकाळी फार बोललो. चुकलं माझं."

कुंभाराला उत्तर द्यायचं होतं, पण तोंड साखरेने भरलेलं. त्याने नुसतीच मान हलवली आणि सगळी आळी खळखळून हसली.

तात्पर्य: हाक मारायची लाज वाटेल असं शेजाऱ्याला बोलू नये, आणि बोललोच, तर हाक मारायला लाजू नये.