बुचाची फरशी

“हलकी की गडद, एवढंच सांगा ना मेस्त्री!”

विश्राम सोहनीने तिसऱ्यांदा विचारलं.

तातोबा मेस्त्री ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

समोर दोन तुकडे ठेवलेले. एक मधाच्या रंगाचा, एक भाजलेल्या शेंगदाण्याच्या. दोन्ही वीतभर लांबीरुंदीचे.

विश्राम आर्किटेक्ट. साताऱ्यातली बरीच नवी घरं त्याच्या नकाशावरून उभी राहिली. तो कुणाला विचारत नाही, सांगतो. आज मात्र विचारायला आला होता आणि पायातले बूट काढायला विसरला होता.

तातोबा एक्याऐंशी वर्षांचे. साठ वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत शहाबादी फरशा बसवल्या. कॉलेजात असताना विश्राम दोन महिने त्यांच्या हाताखाली होता. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला दोनदा हाकललं.

फरशी बसली की तातोबा ती बोटाच्या पेराने ठोकत आणि कान देत. खाली पोकळी राहिली असेल तर फरशी भद्द वाजते. ठोकताना कुणी बोलायचं नाही, हा नियम.

विश्राम बोलला होता. दोनदा.

“हे काय म्हणायचं?” तातोबांनी एक तुकडा उचलला.

“कॉर्क. परदेशात एक झाड असतं, त्याची साल. झाड न तोडता साल काढतात, दाबून लाद्या करतात आणि...”

तातोबांनी शेजारच्या तेलाच्या बाटलीचं बूच उपसलं. तुकड्याला लावून धरलं.

“हे तर बूच हाय.”

“तेच. पण फरशीसाठी केलेलं.”

“घरभर बूच?”

“हसू नका मेस्त्री. आठ महिने अभ्यास केलाय मी. पायाला गार लागत नाही. घसरत नाही. आणि मुख्य म्हणजे, पडलं तरी मार बसत नाही.”

“पडलं तरी.”

“हो.”

“आन चाललं तर?”

“म्हणजे?”

“मी सगळ्या फरशा चालायला घातल्या रे. पडायला घातलेली पयल्यांदाच बघतोय.”

विश्रामचा चेहरा उतरला. त्याने खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. इथे आल्यापासून ही सहावी वेळ.

“आईला तुम्ही ओळखता,” तो म्हणाला. “चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पौषात पडली. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी खुबा जाईल. खुबा गेला की माणूस उठत नाही, मेस्त्री... मी पाहिलंय. मामा तसेच गेले.”



कुमुदिनीबाई सोहनींना तातोबा ओळखत होते. त्या घरातली जुनी शहाबादी त्यांनीच बसवलेली. चार वर्षांपूर्वी विश्रामने ती उखडली आणि आरशासारख्या चकचकीत टाइल्स घातल्या. बाईंना कुणी विचारलं नाही. घराचं नूतनीकरण म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालचं त्याला न विचारता काढून घेणं, हा अर्थ शब्दकोशात नाही. घरोघर तोच चालतो. आणि ज्याने आरसे घातले तोच आता बूच घालायला निघाला होता, पुन्हा न विचारता. माहितीपत्रकात एक म्हातारी कॉर्कवर अनवाणी उभी राहून हसत होती. माहितीपत्रकातल्या म्हाताऱ्या पडत नाहीत.

“त्या आरशावर बाई किती वर्सं चालल्या?”

“चार.”

“आन पडल्या किती येळा?”

“एकदाच. पण एकदाच पुरतं ना!”

“पुरतं. मग त्या दिवशी काय झालं?”

“काय होणार? घसरली. देवघरातून बाहेर येत होती. हातात निरांजन. मी मागेच होतो. माझ्या लक्षात आलं, आता ही घसरणार. म्हटलं, आई, जपून! तिने मागे वळून बघितलं, आणि...”

तो थांबला. मग घाईने म्हणाला, “त्या टाइल्सच वाईट होत्या. चूक माझी आहे, मी नाही म्हणत नाही. म्हणून तर आता कॉर्क.”

“म्हटलास, का वरडलास?”

“ओरडलो असेन. काळजी वाटली की माणूस ओरडतोच.”

तातोबांनी बूच परत बाटलीला लावलं. सावकाश, फिरवून.

फोन वाजला.

विश्राम असा दचकला की मांडीवरचं माहितीपत्रक खाली पडलं. दिवसभर आईजवळ असणाऱ्या शकूताईंचा फोन होता. “ऐका तुम्हीच, रोज काय चालतं ते,” असं म्हणत त्याने आवाज मोठा केला.

“दादा, आई उठल्यात. तुळशीला पाणी घालते म्हणत्यात. माझं ऐकत न्हाईत.”

“कुठे आहे ती?”

“ही काय, माझ्यासमोरनं चालल्यात. हळूहळू जात्यात तशा.”

“फोन तिच्याजवळ न्या. अजून जवळ... आई! जपून!”

खण्णकन काहीतरी आदळलं.

मग काही नाही.

तातोबांचा हात गुडघ्यावर जिथे होता तिथेच राहिला.

“आई? आई! शकूताई! अहो बोला ना कुणीतरी!”

...

“मेल्या, किंचाळतोस काय कानाशी?”

कुमुदिनीबाईंचा आवाज. खणखणीत.

“पडलीस? लागलं का? खरं सांग.”

“तांब्या पडला हातातून. सगळं पाणी सांडलं. मी आहे उभी, दाराला धरून.”

“बस आधी! खाली बस तिथेच!”

“पाण्यात बसू?”

“आई, थट्टा नको...”

“मग ठेव फोन. तुळस सुकतेय माझी.”

फोन बंद झाला.

विश्रामने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

“ऐकलंत? ऐकलंत ना? असं जगतोय मी. मीटिंगमध्ये असलो तरी कान तिकडे. अंघोळीला गेलो तरी फोन खुंटीवर. दुकानदाराला पाचच्या आत रंग कळवायचाय, नाहीतर माल दोन महिने येत नाही. दोन महिन्यांत काय होईल कोण सांगतं? तुमच्या पाया पडतो, मेस्त्री. हलकी की गडद?”

तातोबांनी त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

“तांब्या आधी पडला, का तू आधी वरडलास?”





“पण मी... काळजीपोटीच...”

तातोबांनी बोटाच्या पेराने ओसरीची फरशी ठोकली.

टक. टक.

विश्राम गप्प झाला. वीस वर्षांपूर्वीचा नियम त्याच्या जिभेला अजून पाठ होता.

परसात कोंबडी पाचोळा उकरत होती, तेवढाच आवाज. विश्राम खाली बघत बसला. मग त्याला आपले बूट दिसले. वाकून त्याने नाड्या सोडल्या, बूट काढले आणि पायरीखाली ठेवले.

तातोबांनी मधाच्या रंगाचा तुकडा हातात घेतला. अंगठ्याने दाबला, सोडला. दाबलेलं हळूच वर आलं.

“चांगली हाय फरशी,” ते म्हणाले. “पायाला ऊब देईल. बाईंना दाव आन घाल.”

“ही हलकी? का ती...”

तातोबांनी चंचीतून अडकित्ता काढला. तुकड्याचा एक कोपरा त्यात धरला आणि कचकन कातरला. सुपारीएवढा. त्याच्या कडा तासल्या, गोल केला, भुसा फुंकून टाकला. मग तेलाची बाटली उघडून तिच्या तोंडाला तो बसवून पाहिला.

बसला.

त्यांनी तो उपसला, धोतराला पुसला आणि विश्रामच्या तळहातावर ठेवला.

फोन पुन्हा वाजला. शकूताई.

विश्रामने फोन कानाला लावला. मान ताठ झाली. छातीत श्वास भरला...

तातोबांनी बूच असलेली त्याची मूठ मिटवली.

“बाकीची मागनं घाल. आधी एवढं लाव.”