कुंभारीण माशी आणि उदबत्तीची काडी

होती एक कुंभारीण. मडकी घडवणारी नव्हे हो, माशी. चिखलाच्या गोळ्या आणते, घर लिंपते, म्हणून तिचं नाव कुंभारीण. कंबर इवलीशी. गाणं एकच. भूं भूं, भूं भूं.

ती राहायची बागेच्या मागल्या कोपऱ्यात. तिथं सगळं शांत. एक करंजाचं झाड, झाडाला लाकडी खोका, खोक्यात चिमणी. झाडाखाली खांब, खांबावर छपराचं एवढंसं घर, आणि घरात बांबूच्या नळ्याच नळ्या. हौसाबाई माळिणीनं केलं होतं ते. किड्यामाश्यांची धर्मशाळाच म्हणा ना. एका नळीत भुंगा. एका नळीत कोळी. एक नळी कुंभारणीची.

एकदा काय झालं, कुंभारणीच्या पोटात अंडं आलं. नळीत अंडं ठेवायचं, चिखलानं दार लिंपायचं, की बाळ आत सुखात. ती आली भूं भूं, भूं भूं. बघते तर नळीत काडी. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी. कुणीतरी घट्ट खोचलेली.

ओढून पाहिली. हलेना.
ढकलून पाहिली. हलेना.
बाकीच्या नळ्या भरलेल्या. आणि अंडं काही थांबायचं नाही.

कुंभारीण गेली चिमणीकडे. भूं भूं, भूं भूं.

"चिमणे चिमणे, काडी ओढ.
माझं अंडं ठेवू कुठं?"

खोक्यात पिल्लं ओरडत होती, चीं चीं, चीं चीं.

चिमणी म्हणाली, "मी नाही ओढणार, जा. माझी पिल्लं भुकेली. गवत अळी देईल, तर मी काडी ओढीन."

कुंभारीण गेली गवताकडे. भूं भूं, भूं भूं.

"गवता गवता, अळी दे.
चिमणी काडी ओढेना,
माझं अंडं ठेवू कुठं?"

गवत वाळलेलं. सळसळ, सळसळ.

गवत म्हणालं, "मी नाही देणार, जा. माझा घसा कोरडा. अळी बसलीय मुळाशी दडून. पाइप पाणी देईल, तर मी अळी देईन."

कुंभारीण गेली पाइपाकडे. भूं भूं, भूं भूं.

"पाइपा पाइपा, पाणी दे.
गवत अळी देईना,
चिमणी काडी ओढेना,
माझं अंडं ठेवू कुठं?"

पाइपाचं पोट टम्म फुगलेलं. तोंडातून नुसतं फुस्स, फुस्स.

पाइप म्हणाला, "मी नाही देणार, जा. माझ्या मानेवर बूट. बूट बाजूला होईल, तर मी पाणी देईन."

कुंभारीण गेली बुटाकडे. भूं भूं, भूं भूं.

"बुटा बुटा, बाजूला हो.
पाइप पाणी देईना,
गवत अळी देईना,
चिमणी काडी ओढेना,
माझं अंडं ठेवू कुठं?"

बूट म्हणाला, "मी नाही होणार, जा. माझ्या पोटात पाय. मी कुठं माझ्या मनाचा? आजोबा पाय उचलतील, तर मी बाजूला होईन."

खांबासमोरच्या बाकावर बसले होते जनूआजोबा. डोळे मिटलेले. हात जोडलेले. जनूआजोबांना वाटायचं, खांबावरचं ते घर म्हणजे छोटं देऊळच. म्हणून रोज यायचे आणि उदबत्ती लावायचे. आजची कुठं खोचली? कुंभारणीच्या नळीत.

कुंभारीण गेली आजोबांच्या कानाशी. भूं भूं, भूं भूं.

"आजोबा आजोबा, पाय उचला.
बूट बाजूला होईना,
पाइप पाणी देईना,
गवत अळी देईना,
चिमणी काडी ओढेना,
माझं अंडं ठेवू कुठं?"

आजोबांना माशीची भाषा कुठली कळायला? ते आपले देवाशीच बोलत होते.

"देवा, रोज उदबत्ती लावतो. तू एक शब्द बोलत नाहीस. आज तू बोलल्याशिवाय मी नाही उठणार, जा."

कुंभारणीनं हे ऐकलं. देव बोलला की आजोबा उठणार? मग बोलायला किती वेळ लागतो.

ती गेली आपल्या नळीपाशी. काडीच्या शेजारी होती बारीकशी फट. फटीला तोंड लावलं आणि जीव खाऊन गायली. बांबू तो. आवाज आत शिरला लहान, बाहेर आला मोठा.

भूंऽऽऽऽऽ.

आजोबा ताडकन उठले. "बोलला रे, देव बोलला."

आजोबांनी पाय उचलला.
बूट बाजूला झाला, टप.
पाइपानं पाणी दिलं, फुर्रर्र.
गवत पाणी प्यालं, गटगट गटगट.
मुळाशी ओल गेली, अळी वर आली, वळवळ वळवळ.
गवतानं अळी दिली.
चिमणीनं पिल्लांना भरवली, चीं चीं गप्प.
आणि चिमणीनं काडी ओढली. एकदा ओढली, हलली. पुन्हा ओढली, खस्स.

नळी मोकळी.

तिकडं नळापाशी हौसाबाई मघापासून पाइप झटकत होती, पाणी का येईना म्हणून. ती आली पाइपाच्या मागं मागं. बघते तर आजोबा गुडघ्यापर्यंत भिजलेले आणि तोंडभर हसतायत. म्हणाले, "हौसाबाई, तुमच्या देवळातला देव माझ्याशी बोलला."

हौसाबाई म्हणाली, "देऊळ नव्हे ते, जनूभाऊ. धर्मशाळा आहे माश्यांची. आणि तुम्ही पाहुणीच्या दारात उदबत्ती खोचता होय?"

आजोबांनी जीभ चावली. चिमणीनं टाकलेली काडी उचलली, गुपचूप खिशात घातली, आणि बाकावर जाऊन बसले. पाय वर घेऊन बसले हो या वेळी.

कुंभारीण नळीत शिरली. अंडं ठेवलं. मग गेली ओल्या गवतात. चिखलाची गोळी आणली, दाराला लावली, भूं भूं. दुसरी आणली, लावली, भूं भूं. लिंप लिंप लिंपलं. दार झालं गोल आणि गुळगुळीत, जसं मडक्याचं बूड.

आजोबा बारीक आवाजात म्हणाले, "आत काय ठेवलं तिनं?"

"बाळ," हौसाबाई म्हणाली.

मग आजोबा उठले आणि घरी निघाले. कसे निघाले? चवड्यांवर, चवड्यांवर. बुटाचासुद्धा आवाज नाही.

कुंभारणीच्या बाळाचं दार लागलं. आता माझ्या बाळाचा डोळा लागू दे.