हैबती कौतुक करायला शिकला

एका गावात हैबती नावाचा एक भोळा घोंगडी विणणारा राहायचा. घोंगडी झकास विणायचा. पण त्याला कशाचं नवल वाटायचं नाही. वाटलं तरी तोंडावर दिसायचं नाही.

त्याची बायको येसू भावाच्या बाळाच्या बारशाला माहेरी गेली होती. हैबती तिला आणायला सासुरवाडीला गेला. सासरे दौलतराव त्याला थेट गोठ्यात घेऊन गेले. तिथं त्यांचा खिल्लारी बैल उभा होता. यंदाच्या जत्रेत त्याचा पहिला नंबर आला होता.

"बघा जावईबापू!"

हैबतीनं बघितलं. "बैल आहे," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. कसा वाटला?"

"चार पायांचा."

दौलतरावांचं तोंड पडलं. "माझ्या बैलाचं ज्याला कौतुक नाही, त्याला माझ्या लेकीचं काय असणार? येसू इथंच राहील. आधी कौतुक करायला शिका, मग या."

हैबती एकटाच घरी आला. आईनं कपाळाला हात लावला.

"अरे, असलं जनावर बघितलं की माणूस तोंडात बोट घालतो!"

"कधीपासून?"

"माझ्या आजीच्या आजीपासून घालत आलेत. तूही घाल."

हैबती पुन्हा गेला. कितीही झालं तरी जावई. दौलतराव पुन्हा त्याला गोठ्यात घेऊन गेले. बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "या बैलानं ना, जावईबापू..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. त्यांचं तोंड उघडं होतं आणि हैबतीनं त्यात बोट घातलं होतं.

दौलतराव दचकले. दचकल्यावर त्यांचे दात मिटले. मग हैबती ओरडला, त्याच्या ओरडण्यानं दौलतरावही ओरडले. दोघं ओरडले म्हणून बैलही ओरडला.

बोटाला चिंधी बांधून हैबती घरी आला. आई म्हणाली, "अरे, आपल्या तोंडात घालायचं असतं! राहू दे आता. बोटं आवर. नुसतं टक लावून बघ. पापणीसुद्धा हलवू नकोस."

हैबती परत गेला. त्या दिवशी बैल रानात होता. सासूबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं. शेजारी पाळण्यात येसूच्या भावाचं बाळ होतं. हैबतीनं बाळाकडे टक लावली.

बाळ हसलं. हैबती बघत राहिला. बाळानं तोंड वाकडं केलं. हैबती बघत राहिला. त्याचे डोळे लालभडक झाले, त्यांतून पाणी गळायला लागलं. शेवटी बाळानं भोकाड पसरलं.

"अगं बाई! दृष्ट लावली की हो लेकराला!" सासूबाई धावत आल्या. त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मिरच्या चुलीत टाकल्या. सगळं घर खोकायला लागलं. हैबतीही खोकला. पापणी मात्र त्यानं हलवली नाही.

"काढा याला बाहेर!" दौलतराव ओरडले.

घरी आई म्हणाली, "तू डोळ्यांनी काही करूच नकोस. तोंडानं बोल. चांगला आ वास आणि म्हण, अबब! केवढं हे! जन्मात असं बघितलं नाही!"

हैबती वाटभर तेच घोकत गेला. दारातच सासूबाई भेटल्या. सकाळीच त्यांच्या गालाला गांधीलमाशी चावली होती. गाल पपईएवढा झाला होता.

हैबतीनं चांगला आ वासला. "अबब! केवढा हा गाल! जन्मात असा गाल बघितला नाही! शेजाऱ्यांना बोलवा, त्यांनाही बघू दे!"

सासूबाई पदरात तोंड लपवून आत पळाल्या. येसू पडवीत धान्य पाखडत होती. तिला हसू आवरेना. मग तिचे डोळे भरून आले.

"अहो, मला नेणार तरी कधी?"

"शिकतोय गं," हैबती म्हणाला. "आईच्या हातची भाकरी रोज करपते."

त्या रात्री आईही थकली होती. "सूज बघून नवल करतात का, बाबा? धीर द्यायचा. म्हणायचं, घाबरू नका, चार दिवसांत बसून जाईल. मागमूस राहणार नाही."

हैबतीनं मान डोलवली. हे त्याला एकदम पटलं.

इकडे काही महिन्यांत दौलतरावांनी घर नवं बांधलं. वास्तुशांतीला जावयाला बोलवा म्हणून येसू बापाच्या मागेच लागली. शेवटी बोलावणं गेलं. अंगणात मांडव घातला होता. मांडवात सारा गाव जेवायला बसला होता.

"बोला जावईबापू," दौलतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "घर कसं वाटलं?"

हैबतीनं घर नीट पाहिलं. पूर्वी इथं बुटकं, कौलारू घर होतं. आता तेच चहूबाजूंनी फुगून दुमजली झालं होतं. हैबतीला सासऱ्यांची फार दया आली. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका, मामा. चार दिवसांत बसून जाईल. मागमूस राहणार नाही."

लोकांचे घास हातातच राहिले. भटजींनी आशीर्वाद अर्ध्यावर सोडला. दौलतरावांनी त्याचा हात झटकला.

"येसू! गाठोडं बांध आणि जा या माणसाबरोबर! आणि तुम्ही हो, पुन्हा या घराचं तोंड बघायचं नाही!"

येसू आनंदानं गाठोडं आणायला पळाली. हैबतीलाही आनंद झाला. बायको मिळाली होती. आता सासऱ्यांचा शब्द पाळायला हवा. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले आणि तो बाहेर निघाला.

मांडवाचा पुढचा खांब त्याच्या वाटेत होता. खांब पडला. अर्धा मांडव खाली आला. खाली भटजी, बुंदीचं पातेलं आणि दौलतराव सापडले.

"अहो, डोळे उघडा!" दौलतराव आतून ओरडले. "तो खांब उचला आधी!"

"खांब उचलतो, मामा," हैबती म्हणाला. "पण डोळे उघडणार नाही. तुमचा शब्द मी मोडायचा नाही."

तो चाचपडत पुढं गेला. एक खांब हाताला लागला. हैबतीनं त्याला मिठी मारली, सगळा जोर लावला आणि तो उचलला.

हा खांब उभाच होता. उरलेला अर्धा मांडव त्याच्यावरच होता.