करवंटीतलं पान

फार पूर्वी एका गुहेत ससे राहत. दाराचा दगड साळिंदरआजोबा सांभाळत. बाहेरून खार करवंटी आत सोडी. रिकामी आली तर वाघ जवळ आहे. आत काही असलं तर वाट मोकळी.

एकदा नव्या खारीने फुली मारलेलं पान घालून करवंटी सोडली. आजोबांनी अंधारात चाचपलं. "रिकामी नाही. चला!" म्हणत त्यांनी दगड सरकवला.

"थांबा आजोबा!" उजेडात पान दिसताच सशीण ओरडली. "यावर फुली आहे!"

दगड परत बसला, तोच बाहेर डरकाळी घुमली. पिल्लं आईला बिलगली.

वाघ गेल्यावर खार रडत आत आली. "मी 'नाही'च कळवलं होतं!"

आजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "कळवलंस गं, पण माझ्या पंजाला फक्त भरलेलं आणि रिकामं कळतं. 'नाही' म्हणायचं असेल, तेव्हा काहीच घालू नकोस."