सुईणीला न आठवलेलं वाक्य

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. डोंगराच्या पायथ्याशी वेळूची दाट बनं होती, आणि बनांच्या कडेनं बुरुडांची वस्ती.

त्या गावात येसूमावशी नावाची सुईण होती. तिच्या हाताला यश होतं. आडवं आलेलं मूल ती पोटावरूनच वळवी, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा असला तर एका बोटानं सोडवी. लोक म्हणत, "येसूमावशी उंबऱ्यात आली, की यम मागच्या दारानं पळतो." मावशीलाही ते ऐकायला आवडे.

त्याच वस्तीत केरबा बुरूड आणि त्याची बायको सगुणा राहत. सगुणाचं पहिलं बाळंतपण फार अवघड गेलं. दोन दिवस ती अडली होती. खोलीचं दार लावलेलं, शेगडीचा धूर कोंडलेला, चार बायकांनी तिचे हातपाय दाबून धरलेले. शेवटी मावशीनं तिला मोकळं केलं. मुलगी झाली, आईही वाचली. केरबानं मावशीला नवं लुगडं दिलं, गावानं वाहवा केली.

सगुणा मात्र तेव्हापासून अबोल झाली. पाण्याला जाताना ती मावशीच्या दारावरून जात नसे; लांबचा वळसा घेई. कुणी कधी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

चार वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले.

चौथ्या महिन्यात ती आपणहून मावशीच्या अंगणात आली. मावशी ओवा निवडत बसली होती.

"मावशी, गेल्या खेपेचं थोडं बोलायचं होतं," सगुणा म्हणाली.

"आता काय त्याचं?" मावशीनं मान वर न करता म्हटलं. "तू धडधाकट, पोर धडधाकट. बाईला आणखी काय हवं? देवापुढं दिवा लाव आणि विसर."

सगुणा निघून गेली. सातव्या महिन्यात ती पुन्हा आली.

"मावशी, मला झोप लागत नाही. डोळे मिटले की ती खोली दिसते. नाकात धूर जातो. हात हलवायला जाते, तर हलत नाहीत."

"पोटुशीनं असलं मनात आणू नये, बाळाला लागतं," मावशीनं दटावलं. "अगं, दुसरं बाळंतपण सोपं असतं. आणि मी आहे ना?"

ते ऐकून सगुणाचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीनं ते पाहिलं. पण तिला वाटलं, अंगात रक्त कमी आहे. तिनं गूळ आणि खारका तिच्या पदरात बांधून दिल्या.

घरी केरबाही म्हणाला, "मावशीच्या हाती दिलं की काळजी मिटली. उगाच मनाला लावून घेऊ नकोस." त्याचा जीव होता तिच्यावर. पण त्यालाही वाटलं, न बोलल्यानं भीती जाते.

नववा महिना भरत आला. एका सकाळी सगुणा म्हणाली, "वेळू बघून येते," आणि बनाकडे गेली. दुपार झाली तरी परतली नाही. केरबा धावत मावशीकडे आला. दोघं हाका मारत बनात शिरले.

ओढ्याच्या काठी, वेळूच्या बेटाला टेकून ती बसली होती. मांडीवर लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं बाळ होतं. मुलगा होता. मावशीनं पदर बाजूला केला. गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. एकच, पण आवळलेला. मावशीनं बोट घातलं. वेढा लगेच सुटला. पण बाळ केव्हाच गार झालं होतं.

मावशीनं ते हातात घेतलं, मग केरबानं ते छातीशी धरलं. मावशी रडत ओरडली, "का गं केलंस असं? एक हाक मारली असतीस! एका बोटाचं काम होतं माझ्या!"

सगुणानं तिच्याकडे पाहिलं. "मावशी, मी तुम्हालाच तर भीत होते."

"मला? मी तर तुला वाचवलं!"

"मला तेव्हा सगळं ऐकू येत होतं. तुम्ही बायकांना म्हणालात, 'ही काही उरत नाही. हिचं सोडा, मूल ओढून काढा.' मी ओरडू पाहत होते, की मी आहे, अजून आहे. पण तोंडात बोळा होता, आणि हात तुम्ही धरायला लावले होते."

मावशीनं खूप आठवून पाहिलं, पण ते वाक्य तिला आठवेना. घाईच्या वेळी तोंडून गेलं असेल, आणि वाऱ्यावर गेलं असेल, असं तिला वाटलं. सगुणा मात्र चार वर्षं त्याच वाक्यात राहत होती.

"दोनदा आले होते मी सांगायला," सगुणा हलकेच म्हणाली.

त्यानंतर मावशी तिच्या घरी जाऊ लागली. औषधाची पोटली न घेता जाई. "तू सांग, मी मध्ये बोलणार नाही," एवढंच म्हणे. कधी सगुणा बोले, कधी रडे, कधी दार उघडतच नसे. मग मावशी ओट्यावर थोडा वेळ बसून परत येई. केरबाही बायकोजवळ बसून ऐकायला शिकला.

दोन वर्षांनी सगुणाला पुन्हा दिवस राहिले. ती म्हणाली, "मावशी, राग मानू नका. शेजारच्या गावची सुईण बोलवावी म्हणते. तुमचा आवाज आला, की मला तेच ऐकू येतं."

मावशीच्या मनाला ते लागलं. पण ती त्याच दिवशी शेजारच्या गावी चालत गेली आणि त्या सुईणीला म्हणाली, "दार लावू नकोस. धूर करू नकोस. हात धरू नकोस. आणि ती ऐकत नाही असं समजून एक शब्दही बोलू नकोस."

कळा सुरू झाल्या तेव्हा सगुणा घाबरली, पण पळाली नाही. सकाळच्या उन्हात बाळाचा ट्याहां रस्त्यापर्यंत ऐकू आला. येसूमावशी रस्त्यावरच उभी होती. ती आत गेली नाही. तिला कुणी बोलावलंही नव्हतं. डोळे पुसून ती ओढ्याकडे गेली आणि जिथं एक गार बाळ तिनं हातात घेतलं होतं, तिथं बराच वेळ बसून राहिली.

तेव्हापासून कुणीही गरोदर बाई आली, की मावशी आधी महिने मोजत नसे. आधी विचारी, "मागच्या खेपेला काय झालं होतं, सांगतेस?" पुष्कळ बायका त्यामुळे सावरल्या. तो एक मुलगा मात्र परत आला नाही.

तात्पर्य: अंगाची जखम भरली तरी मनाची भरली का, हे वेळेवर विचारावं; उशिरा विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, गेलेलं मिळत नाही.