फळीवरून उतरलेला तेली

एका गावात एक तेली होता, हैबती नावाचा. गोष्ट अगदी खरी आहे. त्याच्या बैलाने मला स्वतः सांगितली, आणि बैल थापा मारत नाहीत.

हैबती दिवसभर घाण्याच्या आडव्या फळीवर बसायचा. बैल ओढायचा, फळी फिरायची, हैबतीही फिरायचा. असं वर्षानुवर्षं बसून त्याचे गुडघे आखडले, झोप उडाली, विसर पडू लागला. आणि जे विसरायचा, ते कुणीतरी चोरलं असं त्याला वाटायचं. एकदा जोडे चोरले म्हणून शेजाऱ्याशी भांडला. जोडे पायातच होते.

एके दिवशी तेल मोजायचं तांब्याचं माप दिसेना. आजोबांच्या वेळचं माप. मुलगा गावोगाव तेल विकत फिरायचा, त्यामुळे संशय घ्यायला घरात एकटी सून, अनसूया.

"संक्रांतीपर्यंत माप सापडलं नाही, तर तू माहेरी. परत यायचं नाही," हैबती म्हणाला.

संक्रांत महिन्यावर होती. अनसूया म्हणाली, "मामंजी, फळीवर बसून तुम्हांला बैलाच्या शेपटीपलीकडे दिसतं काय? चोर पकडायचा तर उतरा, बैलामागे चाला. दारावरून कोण कोण गेलं ते ध्यानात ठेवा आणि संध्याकाळी मला सांगा."

"चोरांची नावं चोरालाच सांगू?"

"मग भिंतीला सांगा. पण मोठ्याने."

या सल्ल्यात काहीतरी डाव आहे, असं हैबतीला वाटलं. डाव ओळखायला म्हणून तो उतरला.

पहिल्या दिवशी सात फेऱ्यांत धाप लागली. संध्याकाळी दोनच नावं आठवली, त्यातलं एक बैलाचं. आठवड्याने फेऱ्या पन्नास झाल्या, नावं वीस. पुढे फेऱ्या शंभर झाल्या आणि हैबती असा गाढ झोपू लागला, की त्याच्या घोरण्याने शेजारच्या गावातल्या कोंबड्यांची आरवायची वेळ चुकली. गुडघे वाकू लागले. चोर मात्र एकही दिसेना. दिसली ती माणसं. कोण लंगडतंय, कुणाच्या डोक्यावर जड मोळी आहे. तो त्यांना हाका मारू लागला, आधी पाळत ठेवायला, मग सवयीने.

भोगीच्या सकाळी चालता चालता तो एकदम थांबला. बैल पुढे निघून गेला. हैबती कोपऱ्यातल्या रिकाम्या रांजणाशी गेला आणि कमरेपर्यंत आत वाकला. महिन्यापूर्वी हे त्याला जमलं नसतं. हात वर आला तेव्हा हातात माप होतं. चोरांच्या भीतीने त्यानेच ते रांजणात टाकलं होतं.

दारात अनसूया उभी होती. गाठोडं बांधून तयार.

"तुला ठाऊक होतं?" त्याने डोळे बारीक करून विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही टाकलंत तेव्हा मी भाकऱ्या थापत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर 'तूच टाकलंस' म्हणाला असतात."

हैबतीने जरा विचार केला.

"म्हणालो असतो," तो म्हणाला. मग त्याने तिचं गाठोडं उचललं, स्वतः आत नेऊन ठेवलं आणि बैलाला गाठायला निघाला.

तात्पर्य: अंग हलतं ठेवलं, तर डोकं ताजं राहतं आणि मन निवळतं. बसून राहणाऱ्याला सारं जग चोर दिसतं. म्हणून कुणावर संशय आला, तर आधी शंभर फेऱ्या माराव्यात, मग बोलावं.