लिंबाच्या झाडाला कॅप्सूल

साताऱ्याच्या बागप्रेमी मंडळात अध्यक्ष नानासाहेब विंझे बोलू लागले की बाकीच्यांनी फक्त माना डोलवायच्या, असा रिवाजच पडला होता. या महिन्याची बैठक शैलजा कुंटे यांच्या अंगणात होती. त्यांच्या नवऱ्याने हौसेने लावलेल्या लिंबावर खैऱ्या हा जंतूंचा रोग पडून पानापानांवर तपकिरी चट्टे उठले होते. नवरा मागच्या हिवाळ्यात इस्पितळातच वारला. त्याच्या रक्तातल्या जंतूंनी एकाही अँटिबायोटिकला दाद दिली नव्हती. आता रोगट फांद्या काढायच्या म्हणजे निम्मं झाड जाणार होतं. शैलजाताईंनी करवत आणून ठेवली होती, पण हात धजत नव्हता.

"अहो वहिनी, कापताय कशाला?" नानासाहेबांनी खिशातून कॅप्सूलची पट्टी काढली. "हे अँटिबायोटिक पाण्यात कालवा नि फवारा. माझे गुलाब बघा कसे टवटवीत आहेत!"

"याने सगळे जंतू मरतात?"

"शंभरातले नव्याण्णव!"

"आणि जो उरतो, त्याच्यावर पुढे हे औषध चालतं?"

"नाही चालत. पण एकाने असं काय होतंय?"

"खरंय, नानासाहेब," शैलजाताई म्हणाल्या. "आमच्याही घरातला एकच गेला."

नानासाहेबांनी पट्टी खिशात घातली आणि पुढे होऊन काटेरी फांदी दोन्ही हातांनी धरली. शैलजाताईंनी करवत चालवली. फांदी खाली पडली, लिंबाच्या पानांचा वास अंगणभर सुटला, आणि तेव्हा कुठे त्या रडल्या.